जेलरोडचा श्याम

मे २०२५ मधली एक सकाळ. दूध गॅसवर ठेवून मी पेपर उघडत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे जुन्या कॉलनीतला एक मित्र, आवाज एकदम दबका. "कोण बोलतंय?" हे त्यानंच मला विचारलं. म्हटलं, अरे, माझ्या नंबरवर फोन केलास तर मीच बोलणार ना. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "काही नाही रे, सहज केला होता," आणि ठेवून दिला. पाच मिनिटांत दुसरा फोन. त्या काकूंनी तर माझ्याशी न बोलता थेट माझ्या बायकोला मागितलं. तिसरा आला तोवर दूध उतू गेलं होतं आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज माझ्या वाचनात आला होता. "आपला श्याम गेला. भावपूर्ण श्रद्धांजली." खाली जोडलेल्या हातांची रांग.

गेले होते ते माधव वझे. १९५३ च्या 'श्यामची आई' चित्रपटातला श्याम. पुण्यात, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी. ग्रुपवर टाकणाऱ्यानं नाव लिहायची तसदी घेतली नव्हती आणि आमच्या कॉलनीत श्याम म्हटलं की माझंच नाव समोर येतं. माझं खरं नाव आधार कार्डावर आणि पेन्शनच्या पासबुकावर आहे. बाकी नाशिकरोडला ते कुणाला ठाऊक नाही. मी बोटं चालवून ग्रुपवर लिहिलं, "मी आहे. दूध तेवढं गेलं." त्यावर हसणारे चेहरे आले. मग मी पेपर घेऊन बसलो खरा, पण वाचन काही झालं नाही.

सातवीत असताना, १९७८ च्या स्नेहसंमेलनात, मी श्याम झालो होतो. एका रात्रीचा, पंचवीस मिनिटांचा. त्याला आता सत्तेचाळीस वर्षं होत आली आणि अजून मी त्यातून सुटलेलो नाही. वझ्यांना तर सगळ्या महाराष्ट्रानं श्याम केलं होतं. त्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न मला तेव्हापासून अधूनमधून पडत आलाय. कुणी विचारेल, तुझा काय संबंध? संबंध काहीच नाही. एकाच नावानं हाक मारल्या गेलेल्या दोन माणसांत असतो तेवढाच.

आमचा भाग म्हणजे जेलरोड. बाहेरगावच्या पाहुण्यांना पत्ता सांगितला की ते जरा दचकतात. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्या एका मामांनी हळूच विचारलं होतं म्हणे, "मुलगा जेलरोडला म्हणजे नक्की कुठल्या बाजूला राहतो?" इथल्या मध्यवर्ती कारागृहाची लांबलचक भिंत बघतच आम्ही मोठे झालो. आता गणपतीच्या आधी कैद्यांनी घडवलेल्या मूर्ती तिथं विक्रीला येतात, लोक कौतुकानं घेतात. आमच्या लहानपणी त्या भिंतीकडे बघायचीसुद्धा भीती वाटायची. आणि याच नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं, हे मला सातवीत मराठीच्या बाईंनी सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी रात्री सुरुवात केली आणि १३ तारखेला, सोमवारी पहाटे संपवलं. बेचाळीस रात्रींचं पुस्तक, बहुतेक सगळं पाच दिवसांत. बँकेत मला साधा तिमाही अहवाल लिहायला आठवडा लागायचा.

त्याच सुमाराला त्याच तुरुंगात जयप्रकाश नारायण होते, मिनू मसानी होते, अच्युत पटवर्धन होते. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथल्या चर्चांमधून पुढे आली. म्हणजे एका बराकीत पक्ष शिजत होता आणि दुसऱ्या कुठल्या तरी कोठडीत एक माणूस पालगडच्या आपल्या आईची आठवण काढून रडत लिहीत होता. त्या पक्षाचं पुढं काय झालं ते इतिहासवाल्यांनी सांगावं. आई मात्र अजून छापली जातेय.

गुरुजी १९५० साली गेले. सिनेमा त्यांनी पाहिला नाही. अत्र्यांनी तो काढला १९५३ साली. आईच्या भूमिकेला वनमाला. बारा वर्षांपूर्वी 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर उभी राहिलेली ही ग्वाल्हेरची देखणी नटी कोकणातल्या गरीब घरची आई म्हणून अत्र्यांना कशी सुचली, देव जाणे. पण सुचली, आणि शोभली. श्याम म्हणून हा मुलगा, बारा-तेरा वर्षांचा. चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार द्यायला सुरुवात झाली त्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. तेव्हा पुरस्कार चित्रपटाला असे. नटनट्यांना वेगळे पुरस्कार द्यायची पद्धत यायला बरीच वर्षं जायची होती; बालकलाकाराचा तर आणखी नंतर आला. त्यामुळे ज्याच्या चेहऱ्यावर सगळा सिनेमा उभा होता, त्या मुलाच्या हातात त्या दिल्लीच्या यादीतून स्वतःचं असं काही पडलं नाही. मिळालं ते एक नाव, आणि तेही दुसऱ्याचं.

मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला १९७७ च्या गणपतीत. आमच्या कॉलनीत जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी प्रेसमध्ये होतं. नाशिकरोडला प्रेस म्हणजे छापखाना म्हणायचं नाही, प्रेस म्हणजे नोटांचा आणि स्टँपांचा. वर्गणी बऱ्यापैकी जमायची, त्यामुळे दहा दिवसांत दोन तरी सिनेमे रस्त्यावर लागायचे. दोन बांबूंच्या मध्ये पांढरा पडदा, सोळा एमएमचं यंत्र, आणि रीळ बदलताना होणारा आरडाओरडा. पडद्याच्या पुढची जागा संध्याकाळी सहालाच सतरंज्या टाकून धरलेली असायची. आम्ही पोरं उशिरा पोचलो की पडद्याच्या मागे बसायचो. मागूनही सिनेमा दिसतो, फक्त उलटा दिसतो.

त्यामुळे मी जो श्याम पाहिला तो उलटा पाहिला. नावं उलटी आली, ती आम्ही पैजा लावून वाचली. माणसं डाव्या हातानं जेवत होती. उघड्या अंगाच्या माणसांच्या गळ्यातली जानवी उजव्या खांद्यावरून खाली येत होती. आमच्या घरात कुणाला जानवं नाही, त्यामुळे ते कुठल्या खांद्यावर असतं याचा मी आयुष्यात विचार केलेला नव्हता. दिसलं तसं डोक्यात बसलं.

पुढच्या वर्षी संमेलनात मला श्यामचं काम मिळालं. माझं अक्षर चांगलं होतं आणि अंग हाडकुळं, एवढ्याच गुणांवर. बाईंनी कुठून तरी जानवं पैदा केलं होतं, ते मी स्वतःच्या हातानं घातलं. विंगेत उभा होतो. संस्कृतचे सर तिकडून चालले होते, ते थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "काय रे, श्राद्धाला निघालास का?" मला कळेना. त्यांनी ते ओढून डाव्या खांद्यावर केलं आणि अपसव्य म्हणजे काय ते मला तिथल्या तिथं, पडदा वर जायला दोन मिनिटं असताना, समजावून सांगितलं. मी म्हटलं, सर, सिनेमात असंच होतं. सर म्हणाले, "अत्रे असं करणार नाहीत." त्यांचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. मी फक्त मागच्या बाजूला बसलो होतो.

आमच्या नाटुकल्यात दोनच प्रसंग घेतले होते. एक पोहण्याचा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो, आणि आई त्याला फोकानं झोडपत विहिरीवर धाडते. आईचं काम नववीतल्या एका ताईकडे होतं. तालमीत ती हवेत फोक फिरवायची. त्या रात्री समोर आठशे माणसं बघून तिच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक, तिनं निरगुडीचा ओला फोक माझ्या पोटऱ्यांवर असा हाणला की मी कोकणातला, ब्राह्मणाच्या घरातला, शुद्ध बोलणारा श्याम विसरून "आयायो! मेलो!" असं ओरडलो. सगळं मैदान हसलं. ते हसणं आणि त्यापाठोपाठ आलेल्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. त्या एका ओरडण्यानं मी श्याम झालो. बाकीची वाक्यं कुणाच्या लक्षात नाहीत, माझ्याही नाहीत.

दुसरा प्रसंग तळव्यांचा. अंघोळ झाल्यावर पायाला पुन्हा माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला सांगतो, त्यावर पाय ठेवतो, आणि आई म्हणते, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप. हा प्रसंग सुरू झाला की प्रेक्षकांत बायका डोळ्याला पदर लावतात. आमच्याही संमेलनात लावले. माझी आई चौथ्या रांगेत होती. घरी येताना मी वाट बघत होतो की ती काही म्हणेल. बिटको चौक ओलांडला तरी गप्प. जेलच्या भिंतीपाशी आल्यावर म्हणाली, "काम चांगलं केलंस. पण त्या बाईला काही कामधंदा नव्हता का रे? पोराच्या पायाखाली लुगडं! आणि मग ते धुवायचं कुणी?"

आई सिन्नरची. लग्नाआधी तिथं विड्या वळायची. दिवसाला हजार विड्यांचा हिशेब तिच्या बोटांत होता. संस्कार वगैरे शब्द तिनं कधी उच्चारले नाहीत. पाय मातीत भरले तर ती म्हणायची, नळ तिकडं आहे.

तर, दुसऱ्या दिवसापासून मी श्याम. प्रथम शाळेत, मग गल्लीत, मग किराणा दुकानात. नाव पडायला गंमत म्हणून पडतं, पण ते माणसाकडून काम करून घेतं. कॉलेजात पहिल्यांदा सिगारेट घ्यायला टपरीवर गेलो, तर टपरीवाला म्हणाला, "श्याम, तुला नाही देणार भो. तुझी आई काय म्हणेल?" त्याच्या डोक्यात कुठली आई होती, माझी की गुरुजींची, त्यालाच माहीत. त्यानंतर आमची सगळी व्यसनं आम्ही दुसऱ्या वॉर्डात केली. एकदा भर रस्त्यात मी आईवर खेकसलो. काहीतरी रेशनच्या रांगेवरून होतं. पाहणाऱ्या तिघांनी एकाच सुरात म्हटलं, "श्याम असून?" दुसरा कुणी खेकसला असता तर ती घरगुती बाब होती. पुढं बँकेत कॅशिअर झालो. सुट्टे नाहीत म्हटलं की काउंटरपलीकडून यायचं, "बघा, श्याम खोटं बोलतोय!" यातला विनोद पहिल्या दोन वर्षांनी संपला. मी चौतीस वर्षं नोकरी केली.

एक सांगतो, मला या नावाचा राग नव्हता. कधीकधी फायदाही झाला. जुन्या शाखेत ठेवी मिळवायच्या मोहिमेत म्हाताऱ्या आजीबाई "श्यामकडेच ठेवते" म्हणून यायच्या. पण एखाद्या सकाळी आरशात टक्कल बघताना वाटायचं, हा बारा वर्षांचा पोरगा कधी मोठा होणार?

माझ्या बाबतीत हे चार गल्ल्यांपुरतं. वझ्यांचं बघा. चित्रपट लागला तेव्हा ते तेरा वर्षांचे. वर्षभरात आवाज फुटणार, मिसरूड येणार. पडद्यावरच्या मुलाला ते येत नाही. तो गावोगावच्या थेटरांत, तंबूंत, शाळांच्या पटांगणांत, आमच्यासारख्या कॉलन्यांच्या रस्त्यांवर तेराचाच राहतो. दर वर्षी पोरांची नवी तुकडी येते आणि त्याच मुलाला पहिल्यांदा बघते. मी १९७७ साली माझ्याच वयाचा म्हणून ज्याला पाहिला, तो मुलगा तेव्हा अडतीसाव्या वर्षाला टेकलेला, पुण्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा प्राध्यापक होता. समोरच्या बाकांवरच्या किती पोरांनी यांना आधी दुसऱ्या कपड्यांत पाहिलेलं असेल! शेक्सपिअर शिकवताना मागच्या बाकावरून कुणीतरी "छडी लागे छम छम" गुणगुणलं नसेल असं मला तरी वाटत नाही. मुलं मुलंच असतात.

त्यांनी केलं काय, तर हा चेहरा जिथं उपयोगी पडत नाही अशी कामं निवडली. निदान मला तसं दिसतं. प्राध्यापकी केली. नाटकं बसवली. आणि मराठी प्रायोगिक नाटकांवर वर्षानुवर्षं लिहिलं. समीक्षक म्हणजे अंधारात बसून दुसऱ्यांना बघणारा माणूस. लहानपणी ज्याला सगळ्यांनी पाहिलं, त्यानं मोठेपणी बघणाऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसावं, यात मला फार मोठी मजा वाटते. हे त्यांनी ठरवून केलं की आपसूक झालं, मला सांगता येणार नाही. पण मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तीच खुर्ची हवीशी वाटली असती.

आठवणींचं पुस्तक त्यांनी लिहिलं, त्याचं नाव 'श्यामची आई, आचार्य अत्रे आणि मी'. हा क्रम बघा. आधी ती, मग अत्रे, शेवटी मी. कॅशिअर माणसाला याद्यांचा क्रम लगेच डोळ्यात भरतो. मी त्या मुखपृष्ठाकडे बराच वेळ पाहत बसलो होतो.

आणि तरी, ते गेल्यावर जे लोक हळहळले त्यांच्यातल्या निम्म्यांचा सूर काय होता? "गुणी मुलगा. पण पुढे काही झालं नाही बिचाऱ्याचं." आमच्या ग्रुपवरही एकानं हेच लिहिलं. मला संताप आला. पुढे काही झालं नाही म्हणजे काय? माणसानं आयुष्यभर शिकवलं, नाटक केलं, लिहिलं, पंच्याऐंशी वर्षं जगला. आमच्या पडद्यावर आला नाही म्हणजे काही झालं नाही का? सिनेमातल्या पोरांच्या बाबतीत आपण हे सर्रास करतो. पुढे सिनेमे केले तर म्हणतो, ती मजा राहिली नाही. नाही केले तर म्हणतो, वाया गेला. माझ्या बरोबरच्या हेडकॅशिअरला मात्र रिटायर होताना कुणी म्हटलं नाही की सहावीत तुमचा पहिला नंबर होता, पुढे काही झालं नाही हो तुमचं.

आता माझा गुन्हा कबूल करतो. २००९ च्या डिसेंबरात 'थ्री इडियट्स' आला. बायको, दोन मुलं आणि मी, कॉलेज रोडच्या मल्टिप्लेक्समध्ये चौघांची तिकिटं काढून गेलो. पॉपकॉर्नचा भाव बघून मी तोंड वाकडं केलं, तेही आठवतं. त्या सिनेमात वझे होते. छोटंसं काम. मी, जेलरोडचा श्याम, अडीच तपं त्या नावानं नाही म्हटलं तरी त्यांची उधारी चालवणारा, तिथं बसलो होतो आणि मला ते ओळखू आले नाहीत. काही महिन्यांनी कुठंतरी वाचलं तेव्हा कळलं. टीव्हीवर लागला तेव्हा मी डोळे फाडून बसलो, मुलगा म्हणाला, "बाबा, एवढं काय शोधताय?" त्याला काय सांगणार. मी तेरा वर्षांचा मुलगा शोधत होतो आणि सत्तरीचा माणूस समोरून निघून गेला होता. पुढे 'डिअर जिंदगी'तही ते होते, तेव्हा मात्र मी आधी माहिती काढून गेलो.

नाशिककर म्हणून मला आणखी एका मुलीचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथं मी नातीला नेलं होतं. फाळके जन्माचे त्र्यंबकचे, 'राजा हरिश्चंद्र'नंतर ते बिऱ्हाडासकट नाशिकला आले, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथलीच, आणि १९४४ साली त्यांनी डोळे मिटले तेही इथंच. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती त्यांची मुलगी, मंदाकिनी. पहिल्या चित्रपटात तारामती व्हायला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके या पुरुष नटाला लुगडं नेसवणाऱ्या माणसानं सहा वर्षांत स्वतःच्या लेकीला कृष्ण केलं. त्या चित्रपटाचा बराचसा भाग आज फोनवरही बघता येतो. सुरुवातीला कृष्ण नाहीच, ही छोटी मुलगी आहे. एकामागून एक हावभाव करून दाखवते, बापाच्या कॅमेऱ्याकडे बघत. मग तिचा कृष्ण होतो. नातीला मी दाखवलं तर तिनं विचारलं, "मग ती परत मुलगी कधी होते?" सिनेमात होत नाही, म्हटलं.

शंभर वर्षं झाली, मंदाकिनी अजून सात वर्षांची आहे. तिचं नंतरचं आयुष्य, घर, संसार याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, ती कालियाच्या फण्यावर नाचताना दिसली की पुरे.

आणि मग 'श्वास'मधला परशा. 'श्यामची आई'नंतर मराठी चित्रपटाला पुन्हा सुवर्णकमळ मिळायला पन्नास वर्षं जावी लागली, आणि तोही चित्रपट एका लहान मुलाच्याच खांद्यावर. या वेळी अश्विन चितळेला निदान बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, एवढी सुधारणा. २०२३ साली 'श्यामची आई' नव्यानं आला, कृष्णधवलच. नवा श्याम पाहिला, मुलानं काम छान केलंय. थेटरातून बाहेर पडताना माझ्या मनात आलं, बाळा, आता तुझी पाळी.

त्या मे महिन्यातल्या दिवशी संध्याकाळी मी आईकडे गेलो. ती धाकट्या भावाकडे असते, दसककडे, गंगेच्या अंगाला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आईचं वय कागदावर पंच्याऐंशी, खरं एखादं वर्ष इकडंतिकडं. कानाला कमी ऐकू येतं, नजर साबूत आहे. चहा झाल्यावर मी म्हटलं, "सिनेमातला श्याम गेला गं."

"कोण श्याम?"

फोनवर सिनेमा लावला आणि तळव्यांच्या प्रसंगापर्यंत सरकवला. तिनं फोन दोन्ही हातांत धरला, लांब नेला, जवळ आणला. पडदा समोरून बघण्याची माझीही सवय अजून नवीच आहे. जानवी डाव्या खांद्यावर, माणसं उजव्या हातानं जेवणारी. आईच्या चेहऱ्यावर तीच जुनी आठी आली. मी वाट बघत होतो. ती म्हणालीच, "बघ, अजून लुगड्यावर उभा आहे."

"हा मुलगा गेला."

"अरे अरे. लहान होता की."

"आई, पंच्याऐंशी वर्षांचा होता."

तिनं फोन खाली केला. हिशेब चालला असावा, विड्यांचा हिशेब करताना करायची तसं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. ज्या वर्षी हा सिनेमा आला त्या वर्षी ती सिन्नरला तेरा वर्षांची होती, एका बाजूला तंबाखूचं सूप आणि मांडीवर धाकटा भाऊ. तिनं तो सिनेमा पाहिला तो पुढे चोवीस वर्षांनी, दोन पोरांची आई झाल्यावर.

"म्हणजे माझ्याच बरोबरीचा," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी इतकी वर्षं त्याला पोरगं समजून बोलले की रे." मग बराच वेळ काही नाही. बाहेर भावाच्या घराशेजारच्या मळ्यात मोटार सुरू झाली, पाण्याचा आवाज येत राहिला. "पुढं काय केलं त्यानं?"

मी सांगितलं. इंग्रजी शिकवलं, नाटकं बसवली, पुस्तकं लिहिली. तिला नाटक आणि पुस्तकात रस नव्हता, पण मास्तर होता म्हटल्यावर तिनं मान हलवली. फोन पुन्हा डोळ्यांसमोर धरला. पडद्यावरचा मुलगा तसाच थांबलेला, एक पाय उचललेला.

"चालू कर," ती म्हणाली. "आणि आवाज जरा मोठा कर."